कलेच्या मांडवात सर्वांना जागा : दिव्यांग कलावंतांचा उत्सव कसा उभा राहतो

दरवर्षी ३ डिसेंबर हा दिवस आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली या दिवसाची घोषणा केली. आपल्याकडे या दिवशी बहुधा ठरलेल्या गोष्टी घडतात. पाहुण्यांची भाषणे होतात, फळांचे अथवा चादरींचे वाटप होते आणि शेवटी ‘आता आपली ही मुले एक गाणे सादर करतील’ अशी घोषणा होते. गाणे संपते, टाळ्या पडतात, कोणाचे तरी डोळे पाणावतात आणि मांडव उतरवला जातो. ज्याने गाणे म्हटले त्याचा सूर लागला होता की नाही, त्याने गाण्याची निवड योग्य केली होती की नाही, याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. इतर कोणत्याही गायकाविषयी आपण घरी परतताना वाटेत तेच तर बोलत असतो! कलावंत म्हणून ज्याचे मोजमापच होत नाही, त्याला आपण अद्याप कलावंत मानलेलेच नाही असे म्हणावे लागते.

दिव्यांग व्यक्तींचा आणि ज्यांच्या मेंदूची घडण वेगळी आहे अशा स्वमग्न, अध्ययन अक्षम वा तत्सम व्यक्तींचा कला-उत्सव ही कल्पना या जुन्या रिवाजाहून वेगळी आहे. तिचे स्वरूप काय, आपल्या शेजारच्या गोव्यात ती प्रत्यक्षात कशी उतरली आणि महाड तालुक्यातील तुडीलसारख्या आडवळणाच्या गावात ती आणावयाची झाल्यास कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडेसे. ‘अपंग’, ‘विकलांग’, ‘दिव्यांग’ असा या शब्दाचा आपल्याकडे प्रवास झाला. ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचविला आणि पुढे तो सरकारी व्यवहारात रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली स्वतंत्र विभाग स्थापन केला तोही ‘दिव्यांग कल्याण विभाग’ या नावाने. मात्र, ‘आमच्यात दिव्य असे काही नाही, आम्हाला केवळ जिना चढता येत नाही’ अशी हरकत घेणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘स्वमग्न’ या शब्दाविषयीही तसेच. ज्याला तो लावला जातो ते मूल स्वतःतच मग्न असते असे नाही. पुष्कळदा त्याला भोवतालचा आवाज, उजेड आणि स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवत असतो. प्रस्तुत लेखात रूढ शब्दच वापरले आहेत. आयोजकांनी मात्र कलावंताला ‘तुमचा उल्लेख कसा करावा?’ असे आधीच विचारून घ्यावे हे उत्तम.

गोव्याचा जांभळा उत्सव

६ ते ८ जानेवारी २०२३ या तीन दिवसांत पणजी येथे ‘पर्पल फेस्ट’ हा उत्सव पार पडला. गोवा राज्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाने राज्य शासनाच्या संबंधित विभागांना व गोवा मनोरंजन सोसायटीला सोबत घेऊन तो आयोजित केला होता. राज्याचे दिव्यांग आयुक्त श्री. गुरुप्रसाद पावसकर यांचा त्यात पुढाकार होता. जांभळा हा रंग अलीकडच्या काळात जगभर दिव्यांगांच्या चळवळीशी जोडला गेला आहे. ३ डिसेंबरला अनेक देशांत सार्वजनिक इमारतींवर जांभळी रोषणाई केली जाते. उत्सवाचे नाव त्यावरून आले.

या उत्सवात गायन, नृत्य व चित्रपट तर होतेच, पण क्रिकेट, टेबल टेनिस, धावण्याची शर्यत, पक्षीनिरीक्षण आणि बधिरांध व्यक्तींचे संमेलन असेही कार्यक्रम होते. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा व्यक्तीशी तळहातावर खुणा करून बोलावे लागते. अशा व्यक्तींचे संमेलन भरविणे म्हणजे प्रत्येक पाहुण्यामागे एक प्रशिक्षित सोबती उभा करणे होय. २९ जानेवारी २०२३ रोजी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनी या उत्सवाचा आवर्जून उल्लेख केला आणि त्यात पन्नास हजारांहून अधिक लोक सहभागी झाल्याचे सांगितले. मिरामारचा किनारा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनाही जाता-येता येईल असा केल्याचा उल्लेखही त्यांनी केला. ज्यांनी समुद्र आजवर केवळ रस्त्यावरून पाहिला होता त्यांना पाण्यापर्यंत जाता आले, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढील वर्षी, म्हणजे ८ ते १३ जानेवारी २०२४ या काळात, हाच उत्सव आंतरराष्ट्रीय स्वरूपात सहा दिवस चालला. त्यानंतरचा उत्सव ९ ते १२ ऑक्टोबर २०२५ रोजी भरला. मधली तारीख बदलली, दिवसांची संख्या कमी-अधिक झाली, तथापि मूळ गाभा कायम राहिला. दिव्यांग व्यक्ती ही येथे पाहुणी म्हणून येत नाही. ती गाते, खेळते, विक्रीसाठी वस्तू मांडते, परिसंवादात वाद घालते आणि कार्यक्रमाच्या आखणीतही सहभागी असते.

एका राज्याचे शासन पाठीशी असल्यामुळे हे साध्य झाले, हे मान्य केले पाहिजे. पण तुडीलहून पणजीला जाणे ही सोपी बाब नव्हे. महाडपासून पणजी सुमारे चारशे किलोमीटर आहे. कोकण रेल्वे महाड शहरातून जात नाही. तालुक्यातील एक स्थानक वीर येथे. चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला आधी गावातून मुख्य रस्त्यापर्यंत, तेथून एस.टी.च्या उंच पायऱ्या चढून स्थानकापर्यंत आणि मग गाडीच्या अरुंद दारातून आत न्यावे लागते. एस.टी.मध्ये ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, ही चांगलीच गोष्ट. परंतु सवलतीने पायरीची उंची कमी होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. देशातील अशा व्यक्तींपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. उत्सव मात्र शहरात होतात! म्हणूनच त्याचे छोटे रूप गावाजवळ आणण्याचा विचार करावयाचा.

कायदा काय सांगतो?

पुष्कळांना असे वाटते की शिक्षण, नोकरी आणि निवृत्तिवेतन एवढ्यापुरताच कायद्याचा संबंध आहे. वस्तुस्थिती तशी नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केले. त्या कराराच्या ३० व्या कलमात सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क नमूद आहे. आपली कलाशक्ती फुलविण्याची संधी दिव्यांगांना मिळाली पाहिजे. आणि ती केवळ त्यांच्या स्वतःच्या लाभासाठी नव्हे तर समाज समृद्ध व्हावा म्हणूनही, अशा आशयाचे ते कलम आहे. भारताचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते एकवीस झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. याच कायद्याचे २९ वे कलम संस्कृती व करमणूक यांविषयी आहे. दिव्यांग कलावंतांना व लेखकांना साहाय्य आणि पुरस्कर्ते मिळवून देणे, तसेच कला त्यांच्या आवाक्यात आणणे, ही त्यानुसार शासनाची व स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे.

महाडच्या परिसरात तर सार्वजनिक जागेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न मोठ्या निर्धाराने विचारला गेला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले ते याच शहरात. दोन्ही प्रश्नांची तुलना करण्याचे कारण नाही. पण ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लावलेल्या ठिकाणी प्रत्यक्षात कोणाला पोहोचता येते, हे तपासून पाहण्याची सवय या मातीला नवीन नाही एवढे निश्चित.

आधी कोण काय करून गेले

आपल्या भाषेत याची उदाहरणे कमी नाहीत. श्री. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन मराठी नाटके रंगमंचावर आणली. ‘अपूर्व मेघदूत’ हा त्यांचा नाट्यप्रयोग एकोणीस दृष्टिहीन कलावंतांनी सादर केला. पुढे फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतील मराठी पाक्षिक सुरू केले. नाटकातून वाचनाकडे झालेला हा प्रवास मला फार बोलका वाटतो. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद कुष्ठमुक्त, दृष्टिहीन, कर्णबधिर व अन्य दिव्यांग कलावंतांचा आहे आणि त्याचे प्रयोग राज्यभर तिकीट लावून झाले आहेत. तिकीट लावून, हे महत्त्वाचे. ‘यलो’ या २०१४ च्या मराठी चित्रपटात डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. अशा भूमिका एरवी अन्य नटांकडे जातात व त्यांच्या ‘अवघड अभिनयाचे’ कौतुक होत राहते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असे एक नाव आहे. अकराव्या शतकातील हर्मन हा जर्मन संन्यासी (१०१३–१०५४) लहानपणापासून इतका विकलांग होता की त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलून न्यावे लागे. त्याचे बोलणेही कष्टाने समजे. राइखेनाऊच्या मठात राहून त्याने गणित, खगोलशास्त्र व संगीत या विषयांवर ग्रंथ लिहिले आणि गीतांना चाली बांधल्या. पवित्र मरियेचे ‘साल्वे रेजिना’ हे प्राचीन स्तोत्र परंपरेने त्याच्याच नावावर सांगितले जाते. अभ्यासकांत याविषयी एकमत नाही. मुंबईत १८८० च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांनी मूकबधिरांसाठी काढलेली शाळा ही देशातील अशी पहिली शाळा मानली जाते. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा सुरू केली, ती पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. शाळा निघाल्या, हे मोठेच कार्य झाले. रंगमंच मात्र बराच काळ मागे राहिला.

तुडीलचा मांडव

आता प्रत्यक्ष आयोजनाकडे वळू. गावपातळीवरचा उत्सव एका दिवसाचा, किंबहुना एका सकाळचा असावा. तो दिवसाउजेडी घ्यावा. यामागे केवळ परतीच्या शेवटच्या एस.टी.चा प्रश्न नाही. कर्णबधिर प्रेक्षक ओठ आणि हात पाहून समजून घेतो, त्याला उजेड लागतो. दृष्टी अंशतः असलेल्यांनाही संध्याकाळचा अंधुक प्रकाश त्रासाचा होतो. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांपैकी असावा. पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या घाटवाटा व पाऊलवाटा निसरड्या असतात आणि २०२१ च्या जुलैतील महापुराची व तळिये येथील दरड दुर्घटनेची आठवण या तालुक्यात अजून ताजी आहे. शिमग्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हाच उत्सव घ्यावा असे कोणी सुचवील. गर्दी मिळेल हे खरे. पण ढोल, फटाके आणि पालखीची झुंबड यांत स्वमग्न मुलाला उभे करणे म्हणजे त्याच्या दृष्टीने शिक्षाच.

पहिले काम मंडप ठरविण्याचे नव्हे, माणसे शोधण्याचे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि शाळेतील शिक्षक यांना कोणत्या घरात कोण आहे हे ठाऊक असते. तरीही काही मुले कोणालाच ठाऊक नसतात. घरी पाहुणे आले की ज्याला आतल्या खोलीत नेऊन बसवतात असा मुलगा, लग्न जमण्यात अडचण येईल म्हणून जिचा उल्लेख टाळला जातो अशी बहीण प्रत्येक वाडीत असते. अशा घरी आमंत्रणपत्रिका पाठवून काही होत नाही. दोन-तीनदा जावे, बसावे, चहा घ्यावा. तो मुलगा काय करतो हे विचारावे. त्याला काय झाले आहे हे विचारू नये. डब्यावर ठेका धरतो, मातीचे बैल करतो, एकाच गाडीचे चित्र शंभर वेळा काढतो असे काहीतरी हळूहळू बाहेर येते. उत्सवाची सामग्री तीच.

नियोजन समितीत निम्म्या तरी जागा दिव्यांग व्यक्तींना व, जेथे मूल लहान असेल तेथे, त्याच्या पालकांना असाव्यात. हा नियम पाळला तर पुढील निम्म्या चुका आपोआप टळतात. उतारमार्गाचे उदाहरण घेऊ. शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपले मंडपवाले सवयीने तीन फूट उंच रंगमंच बांधतात. त्याला छत्तीस फूट उतार हवा; तेवढी जागा नसते, म्हणून सहा-सात फुटांची फळी तिरकी टाकली जाते आणि ‘चार पोरे खुर्चीसकट उचलतील’ असे ठरते. कलावंताचे रंगमंचावरील पहिले दर्शन असे ओझ्यासारखे व्हावे काय? याला सोपा उपाय आहे. रंगमंच एकच फूट उंच करावा, बारा फुटांचा उतार द्यावा, आणि प्रेक्षकांना पुढे जाजमावर व मागे खुर्च्यांवर बसवावे. तमाशा, नमन, भजन पाहताना आपले पूर्वज असेच बसत आले आहेत. रंगमंचावर चाकाची खुर्ची पूर्ण वळण्यासाठी पाच फूट रुंद मोकळी जागा ठेवावी आणि ध्वनिक्षेपकाच्या तारा कडेने न्याव्यात.

शौचालयाचा विषय बैठकीत कोणी काढीत नाही, आणि नेमका त्यामुळेच अनेक जणी घरून पाणी न पिता येतात किंवा येतच नाहीत. जवळची शाळा, सभागृह अथवा धर्मग्रामाची वास्तू असेल तर तेथील शौचालयाचे दार किमान तीन फूट रुंद आहे काय, आत धरायला दांडी आहे काय, हे मोजपट्टी घेऊन पाहावे. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर ठेवण्याची खुर्ची बाजारात मिळते. ती एक विकत घेऊन ठेवली तर उत्सवानंतरही उपयोगी पडते. आपल्या अनेक चर्चना दर्शनी भागात पाच-सहा पायऱ्या असतात व उतार नसतो, हे या निमित्ताने लक्षात आले तर बरेच.

कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. दुभाष्याने वक्त्याच्या बाजूला, पुरेशा उजेडात, एकरंगी कपड्यांत उभे राहावे. हे काम थकवणारे असते. साधारण वीस ते तीस मिनिटांनी बदली दुभाषी लागतो, म्हणून दोघांना बोलवावे. महाडसारख्या भागात दुभाषी सहज मिळत नाहीत; त्यामुळे तारीख ठरविण्यापूर्वी दुभाष्याची तारीख घ्यावी, आमदारांची नंतर. येथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. गावातील पुष्कळ कर्णबधिर प्रौढांनी शाळाच पाहिलेली नसते. त्यांच्या खुणा घरच्या असतात आणि भारतीय सांकेतिक भाषेशी त्यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी घरातील एखादी व्यक्तीच खरी दुभाषी ठरते. तिलाही रंगमंचाजवळ जागा व मानधन द्यावे. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी निवेदकाने प्रत्येक प्रवेशाआधी दोन वाक्यांत रंगमंचाचे वर्णन करावे : कोण कोठे उभे आहे, अंगावर काय आहे, हातात काय आहे. दृष्टिहीन कलावंतांसाठी रंगमंचावर जाड दोरी चिकटवून वर जाजम अंथरले की कड कोठे आली हे पायाला कळते. तालमी त्याच रंगमंचावर, निदान त्याच मापाच्या अंगणात व्हाव्यात. नाहीतर मोजलेली पावले चुकतात.

ज्यांना आवाज व गर्दी असह्य होते त्यांच्यासाठी एक शांत खोली हवी. त्यात दिवे मंद, चटई, उशी, पाणी, आणि कोणी ‘काय झाले?’ असे विचारणार नाही अशी हमी. कर्णकर्कश ध्वनिक्षेपक मुळातच टाळावा. कार्यक्रम चालू असताना एखादे मूल उठून फेऱ्या मारू लागले, मोठ्याने हसले, रंगमंचाकडे धावले तरी त्याला दटावायचे नाही, हे प्रारंभीच प्रेक्षकांना सांगून टाकावे. परदेशांतील नाट्यगृहांत असे ‘सैलसर प्रयोग’ अलीकडे मुद्दाम लावले जातात. आपल्याकडच्या रात्रभराच्या नमनात लोक उठतात, चहा पितात, लहानग्यांना निजवतात आणि परत येऊन बसतात. म्हणजे ही शिस्त नव्हे तर ही मोकळीक आपल्याला मुळातच अवगत आहे. अशा मुलाला त्याच्या प्रवेशाचा क्रम चित्रांच्या साहाय्याने आदल्या दिवशी समजावून द्यावा आणि तो क्रम ऐनवेळी बदलू नये. प्रमुख पाहुणे उशिरा आले तरी बदलू नये.

कोणती कला निवडावी? येथे कोकणाने फार शोध घेण्याची गरज नाही. जाखडी, म्हणजे बाल्या नाचात, गायक आणि वादक मध्ये बसतात व नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. म्हणजे बसून कला सादर करणाऱ्याचे स्थान त्या रचनेतच केंद्रस्थानी आहे! ढोलकीवर एखादा चाकाच्या खुर्चीतील वादक बसला तर त्याच्यासाठी काहीही ‘जुळवून’ घ्यावे लागत नाही. शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जबाबात स्मरणशक्ती आणि हजरजबाबीपणा लागतो, डोळे लागत नाहीत. भजनी मंडळांत पेटीवर किंवा पखवाजावर दृष्टिहीन बुवा असणे ही आपल्याकडे जुनीच गोष्ट. कर्णबधिर नर्तक लाकडी फळ्यांवर अनवाणी उभे राहिले की ढोलाची थाप तळपायाला जाणवते आणि त्यावर ते ताल धरतात. म्हणून त्यांच्या नृत्याच्या वेळी जाजम बाजूला सारावे. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायच्या त्याही दोन्ही हात वर करून पंजे हलवून. चित्र व मातीकामाच्या प्रदर्शनात ‘हात लावू नये’ ही पाटी काढून टाकावी आणि निदान निम्म्या वस्तू हाताळण्यासाठीच ठेवाव्यात. पेणच्या गणेशमूर्तींचा हा जिल्हा. माती येथे मुबलक आणि ती ओळखणारी बोटेही पुष्कळ.

दर्जाचा प्रश्न नाजूक वाटतो, पण तो टाळू नये. प्रत्येकाला रंगमंचावर आणावयाचे काय? माझ्या मते नाही. सकाळच्या सत्रात कार्यशाळा असावी व ती सर्वांना खुली असावी. तेथे कोणीही गावे, रंगवावे, नाचावे. रंगमंचावरील कार्यक्रम मात्र निवडीने व्हावा, त्यासाठी दोन-तीन महिने तालमी व्हाव्यात, आणि त्या विषयातील जाणकाराने कोणत्याही स्थानिक गायकाला सांगाव्यात तशाच उणिवा सांगाव्यात. निवड न झालेल्यास वाईट वाटेल. इतर कलावंतांनाही वाटतेच.

मानधन द्यावे. रक्कम लहान असली तरी ती पाकिटात, हातात आणि कलावंताच्या नावाने द्यावी. पालकांच्या नावाने देऊ नये. प्रमाणपत्र, फुलझाड व शाल यांवर भागवू नये. प्रदर्शनात विकल्या गेलेल्या वस्तूची किंमत बनविणाऱ्यालाच मिळावी. छायाचित्रांबाबतही विवेक हवा. रडणाऱ्या, भेदरलेल्या अथवा लाळ गळत असलेल्या मुलाचे छायाचित्र ‘हृदयस्पर्शी’ म्हणून संकेतस्थळांवर प्रसिद्ध करणे अनुचित होय. छायाचित्र घेण्यापूर्वी संमती विचारावी आणि नकार आल्यास आग्रह धरू नये. फळवाटप तर करूच नये.

खर्चाची तरतूद कोठून करायची? दुभाषी, उताराचा मंडप, वाहने, मानधन व जेवण ही मोठी कलमे. रोषणाई, हारतुरे, फ्लेक्सफलक आणि पाहुण्यांचे सत्कार यांत काटछाट केली तर बरीच रक्कम मोकळी होते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. हा निधी अनेक ठिकाणी वर्षाअखेरीस घाईघाईने वस्तू वाटून संपविला जातो किंवा पडून राहतो. आपल्या गावात त्याचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येक मतदाराला अधिकार आहे. आणि सामूहिक उपक्रमासाठी त्यातून काय मिळू शकते हे ग्रामसेवकाकडून लेखी घ्यावे. वाहनांसाठी मुंबईतील ग्रामस्थ मंडळाकडे शब्द टाकावा. गावच्या देवळासाठी, शाळेसाठी, क्रिकेट स्पर्धेसाठी ते देतातच.

धर्मग्रामांचा सहभाग येथे व्यवहारापुरता पण मोलाचा ठरू शकतो. रायगड जिल्ह्यातील या अंतर्गत भागात ख्रिस्ती कुटुंबे विरळ असली, तरी मुंबई, वसई व पुणे परिसरातील आपल्या धर्मग्रामांत गायनवृंद, वाद्ये, ध्वनियंत्रणा हाताळणारे तरुण आणि विशेष शिक्षण घेतलेल्या धर्मभगिनी व शिक्षिका पुष्कळ आहेत. एखाद्या गावाने आयोजन करावे आणि त्यांनी दोन महिने रविवारी येऊन तालमी घ्याव्यात, अशी जोडी जमू शकते. मात्र येणाऱ्यांनी शिकवायला येताना शिकण्याचीही तयारी ठेवावी. शक्ती-तुऱ्याचा शाहीर आणि चर्चच्या गायनवृंदाचा संचालक एका ओटीवर बसले तर कोणाला काय सापडेल हे आधी सांगता येत नाही.

उत्सवानंतरचा आठवडा बहुतेक संयोजक विसरतात. त्या आठवड्यात समितीने सहभागी झालेल्या प्रत्येक घरी जाऊन तीन प्रश्न विचारावेत : काय जमले, काय त्रासाचे झाले, पुढच्या वेळी कोणाला बोलवायचे राहून गेले. उत्तरे वहीत, तारखेसह लिहावीत. शांत खोली फार लांब होती, दुभाषी उन्हात उभा असल्याने दिसत नव्हता, जेवणात मिरची जास्त होती, पलीकडच्या वाडीतील मुलीला कोणी कळवलेच नाही, असल्याच नोंदी त्यात निघतील. पुढील वर्षीच्या बैठकीत अहवालाआधी ही वही वाचावी आणि त्या मुलीच्या घरी कोण जाणार, हे तेथेच ठरवावे.